छाया : अस्मादिक

खानदेशात बॉब मार्ले टी-शर्टावर राहतो. जळगावच्या फुले मार्केटात तो चे गव्हेराच्या शेजारी हँगरला लटकलेला असतो. धुळ्यात पाचकंदीलच्या बाजूला त्याला शेजार म्हणून कधी वाघ मिळतो, कधी कवटी. टी-शर्ट विकणाऱ्याला "हा कोण?" असं विचारलं तर तो कॉलर उलटून बघतो आणि सांगतो, "एक्सएल." घालणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. जटा, धूर आणि लाल-पिवळा-हिरवा रंग एवढ्यावर त्यांचं भागतं.

माझ्या ओळखीचा एक गायक याच्या बरोबर उलटा होता. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या हजारो लोकांनी त्याचा आवाज ऐकला. त्या आवाजावर ते नाचले, घामाघूम झाले, काही जण नाचता नाचता गटारात गेले आणि तिथूनही ठेका धरत राहिले. पण तो दिसायला कसा होता, हे त्यातल्या कुणालाही सांगता येणार नाही. आणि ही व्यवस्था ज्याने वर्षानुवर्षं चोख राखली, तो फोटोग्राफर मी.

लग्नाच्या फोटोग्राफीचा पहिला धडा माझ्या उस्तादांनी मला दुकानाच्या पायरीवरच दिला होता. पैसे देणारा मधोमध, त्याची बायको उजेडात, जावई हसताना आणि बँडवाला फ्रेमच्या बाहेर. रोलमध्ये फोटो 36. त्यात मंगलाष्टकं, सप्तपदी, कानपिळी, मामा, मावश्या, रुसलेले काका आणि रुखवतातलं लोखंडी कपाट एवढं सगळं बसवायचं. बँडवाल्यावर एक फोटो गेला तर तो कुणाच्या खात्यावर टाकणार, मुलाकडच्यांच्या की मुलीकडच्यांच्या? मी या विद्येत इतका तयार झालो, की गर्दीतून ट्रम्पेटचं तोंड डोकावलं तरी माझी मान आपोआप दुसरीकडे कलायची. घरी बायको म्हणायची, "अहो, जेवताना तरी सरळ बसा."

तो गायक म्हणजे आप्पा. ते धुळ्याच्या एका बँडमध्ये गायचे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना बँड म्हटलं की लाल कोटातली दहा-बारा माणसं आठवतात. आमच्याकडचा बँड म्हणजे चालतं गाव. पुढे ताशा आणि साइड ड्रम, मागे ट्रम्पेट-क्लॅरिनेट, दोन्ही अंगांना डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं, मधोमध कर्ण्यांनी मढवलेली गाडी, गाडीवर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड, आणि सगळ्यांच्या मागे धूर सोडत येणारा जनरेटर. या गाडीच्या तोंडाशी, माइकचा दांडा छातीशी धरून, झालरीच्या टोपीत आप्पा उभे. पुरुषाचा आवाज त्यांचा आणि बाईचाही त्यांचाच. एका कडव्यात रफी, दुसऱ्यात लता आणि मधल्या मोकळ्या जागेत "नवरदेवाच्या मामांकडून एकावन्न रुपये" हेही तेच.

त्यांच्या गाण्यात एक गंमत होती, तिचा उलगडा मला फार उशिरा झाला. आप्पा समेवर कधी येत नसत. ठेक्याचा पहिला दणका मोकळा सोडायचे आणि मग सावकाश सुरात शिरायचे. मला वाटायचं, वयोमानाने उशीर होतोय. पुढे रेगे, म्हणजे मार्लेचं जमैकातलं संगीत, काय असतं ते वाचनात आलं. मार्लेच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याच्या नावावर जो ठेका सांगतात, त्याला वन ड्रॉप म्हणतात. चार मात्रांतली पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि वजन तिसऱ्या मात्रेवर टाकायचं. त्या रिकाम्या जागेमुळेच ऐकणाऱ्याचं अंग डुलायला लागतं. मी उडालोच. आमचे आप्पा अगदी हेच करत होते! आनंदाच्या भरात मी त्यांना गाठून हे सांगितलं. आप्पांनी जनरेटरकडे बोट केलं. ऑक्टोपॅडवर पहिला दणका पडला की जनरेटर दचकायचा, झुंबरं मंद व्हायची आणि माइक क्षणभर बसायचा. त्या क्षणात गायलेले शब्द कुणाला ऐकूच जायचे नाहीत, म्हणून आप्पांनी ती जागाच सोडून दिली होती. जमैकात जे साधनेतून आलं, ते धुळ्यात डिझेलमधून आलं.

त्यांना 'मार्ले' हे नाव पडलं ते धुळ्याच्या देवपुरातल्या एका वरातीत. मे महिना, रात्र होऊनही रस्त्यातून वाफा येत होत्या. आप्पांनी घाम पुसायला टोपी काढली आणि खांद्यापर्यंत कुरळे केस खाली आले. नवरदेवाचा मुंबईहून आलेला मित्र किंचाळला, "अरे, बॉब मार्ले!" त्या रात्रीपासून बँडची पोरं त्यांना मार्ले आप्पा म्हणू लागली. आप्पांना हे नाव आवडलं, पण त्यांचा स्वभाव चौकस. बट्टी-वरणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले आणि विचारू लागले.

"भाऊ, हाऊ मार्ले कोणता बँडमा गास?"

"वेलर्स," मी म्हणालो.

"कथला बँड शे?"

"जमैकाना."

"ते कथं शे?"

आता जमैका कॅरिबियन समुद्रात आहे, हे मी वांग्याच्या भाजीसमोर कसं समजावणार? मला एकच दुवा सापडला. म्हटलं, आप्पा, तिथे केळी होतात. आणि हे काही मी मनचं सांगितलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमैकाची केळी जहाजं भरभरून अमेरिकेला आणि इंग्लंडला जात. हॅरी बेलाफोंटेचं 1956 साली जगभर गाजलेलं केळीच्या बोटीचं गाणं तिथल्या हमालांचंच. रात्रभर घड वाहून पहाटे हिशेब मागणाऱ्या माणसांचं. आप्पांनी बट्टी चुरली, तूप ओतलं आणि निकाल दिला, "मंग रावेरकडेच व्हई."

मी वाद घातला नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी आप्पांचा भूगोल आठवला.

जमैकाचं एक गाणं मात्र आप्पांना मार्लेच्या आधीपासून येत होतं आणि ते कुठलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोनी एम या मंडळींनी 1978 साली 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' गाजवलं. त्याच्या कॅसेटी आमच्याकडे पानटपरीपर्यंत पोचल्या होत्या. ते गाणं मुळात जमैकाच्या द मेलोडियन्स या त्रिकुटाचं, 1970 सालचं, रेगेच्या ठेक्यातलं. आपल्या मुलखातून हाकलून नेलेली माणसं नदीकाठी बसून रडतात, असा त्यातला प्रसंग. बायबलातल्या स्तोत्रावरून घेतलेला. आप्पांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चालीतलं रडणं त्यांना नेमकं कळलं होतं. हे गाणं ते फक्त मुलगी सासरी निघताना म्हणायचे. शब्द त्यांचे स्वतःचे. बॅबिलॉनच्या जागी मुलीचं सासर यायचं, नदीच्या जागी कधी पांझरा, कधी गिरणा, कधी बोरी, आणि मधल्या कडव्यात एरंडोल, पारोळा, धरणगाव अशी वाटेवरची गावं. सगळा मांडव रडायचा. मी पण रडायचो, म्हणून पाठवणीचे माझे फोटो हललेले आहेत. गिऱ्हाइकांना मी ते 'भावनिक इफेक्ट' म्हणून विकले.

आणि आप्पांचा माझ्यावरचा उपकार अजून सांगायचाच आहे. त्या काळचा फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला वेळ घ्यायचा. पाठीमागे लाल दिवा लागेपर्यंत फोटोग्राफर हातावर हात ठेवून उभा. इकडे नाचाचा रंग नेमका त्याच वेळी टिपेला पोचायचा आणि उतरायचा. आप्पा गाता गाता माझ्या फ्लॅशच्या मागे बघायचे. दिवा विझलेला दिसला की ते तान लांबवायचे. नाचणारे हात वर करून तिथेच थांबायचे, नवरदेवाचा मेव्हणा एका पायावर डुलत राहायचा, घोडासुद्धा वाट बघायचा. लाल दिवा लागला की आप्पा तान सोडायचे, सगळे एकदम खाली यायचे आणि मी बटण दाबायचो. खानदेशातला 'टायमिंगचा बादशहा' म्हणून माझं जे नाव झालं, ते सगळं आप्पांच्या दमावर. त्या फोटोंत सगळे आहेत. ज्याने त्यांना हवेत धरून ठेवलं तो नाही.

आप्पा स्वतःचा फोटो मागत नव्हते असंही नाही. दर मोसमात एकदा, गाडी आवरताना, संकोचून म्हणायचे, "भाऊ, मन्हाभी एखादा फोटू काढ ना."

"काढसू ना आप्पा, पुढला लगीनमा."

1973 साली लंडनमध्ये डेनिस मॉरिस नावाचा शाळकरी पोरगा शाळा बुडवून स्पीकईझी क्लबच्या दाराशी कॅमेरा घेऊन उभा राहिला होता. मार्ले आला तसं त्याने सरळ विचारलं, फोटो काढू का? मार्ले म्हणाला, ये. गप्पा झाल्या, दौऱ्यावर येतोस का असं मार्लेनेच विचारलं आणि पोरगा व्हॅनमध्ये चढला. त्याने काढलेले मार्लेचे फोटो आज जगभर प्रदर्शनांत लागतात. तिकडे फोटोग्राफरने विचारलं आणि गायक हो म्हणाला. आमच्याकडे गायक विचारत राहिला आणि फोटोग्राफर पुढच्या लग्नाची तारीख देत राहिला. शाळा मीही पुष्कळ बुडवली होती, पण ती मेहरूणच्या तलावावर बसण्यासाठी.

किंग्स्टनमध्ये 22 एप्रिल 1978 रोजी मार्लेने गाता गाता दोन माणसांना रंगमंचावर बोलावलं. एक पंतप्रधान मायकेल मॅन्ली, दुसरा विरोधी नेता एडवर्ड सीगा. त्यांच्या पक्षांच्या टोळ्या तेव्हा गल्लोगल्ली एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. मार्लेने दोघांचे हात धरले आणि आपल्या डोक्यावर एकत्र उंचावले. त्या क्षणाचा फोटो जगप्रसिद्ध आहे आणि त्यात तिघेही आहेत. असाच प्रसंग माझ्यासमोर पारोळ्याजवळच्या एका गावात घडला. मानपानावरून दोन व्याह्यांची जुंपली, वरात थांबली, कुणीतरी काठी शोधायला गेलं. आप्पा गाडीवरून उतरले, माइक घेऊन दोघांच्या मधे गेले, दोघांची नावं गुंफून जागच्या जागी गाणं रचलं, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला आणि दोघांना नाचायला लावलं. मी तो फोटो काढला. अल्बमच्या मधल्या पानावर मोठा छापला. त्यात दोन व्याही हातात हात घालून हसताहेत आणि दोघांच्या मधे, जिथे गायक असायला हवा, तिथे मी शिताफीने कापल्यामुळे एक कोपर आहे. कुणाचं कोपर, ते व्याह्यांनाही सांगता आलं नाही.

पोरं कधी विचारतात, आपल्याकडे मार्लेसारखा कोण झाला? आप्पांना विचारलं असतं तर त्यांनी वामनदादा कर्डकांचं नाव घेतलं असतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. जन्म 1922 चा. मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग आयुष्यभर गावोगाव फिरत बाबासाहेबांची गाणी लिहीत-गात राहिला. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्यातून पोचली. जमैकातही वेगळं काही झालं नव्हतं. आप्पांचं दुसरं दैवत प्रल्हाद शिंदे. भीमगीत असो, कव्वाली असो की विठ्ठलाचं गाणं, आवाज तोच आणि तळमळही तीच. ही दोन्ही माणसं 2004 मध्ये एकापाठोपाठ गेली, वामनदादा 15 मे रोजी आणि शिंदे 23 जूनला. मार्लेसुद्धा मे महिन्यातच गेला होता, 11 मे 1981 रोजी, मायामीत, वयाच्या 36 व्या वर्षी. 2004 च्या त्या मोसमात आप्पा प्रत्येक वरातीच्या शेवटी, लोक पांगल्यावर, पैसे न घेता एक गाणं म्हणायचे. "त्यास्ना पगार," असं सांगायचे. मी तेव्हा बॅटऱ्या मोजत असायचो.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या पुतण्याचा फोन आला. गंधमुक्तीच्या कार्यक्रमासाठी बॅनर करायचा होता, चांगला फोटो हवा होता.

"काका, घरात एक पण फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात ते आप्पा कमी आणि आरोपी जास्त वाटतात. तुमच्याकडे तर असतीलच?"

"शेकडो!" मी म्हणालो. हा आत्मविश्वास कुठून आला होता कोण जाणे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी बघा तरी."

मग मी बघायला बसलो. निगेटिव्हच्या पिशव्या, सीड्या, हार्ड डिस्क, सगळं खाली काढलं. आप्पा सापडत होते; सापडत नव्हते असं नाही. 1990 च्या दशकातल्या एका लग्नात त्यांचा कान मिळाला, घोड्याच्या मानेखालून. एरंडोलच्या वरातीत टोपीची झालर, वरमाईच्या अंबाड्यामागे. अमळनेरला माइकचा दांडा आणि त्याभोवतीची चार बोटं, अतिशय सुबक. चोपड्याच्या एका फोटोत त्यांचा अख्खा चेहरा होता, पण ट्रम्पेटच्या चकचकीत तोंडात, उलटा आणि पोटाकडे फुगलेला. एकात आप्पा समोरून, पूर्ण उजेडात, तोंड उघडून गाताना सापडले आणि मी खुर्चीतून उठलोच. मोठं करून बघितलं. नवरदेवाच्या काकांनी ओवाळलेली नोट नेमकी त्याच क्षणी चेहऱ्यापुढे आली होती. नोटेवरचे गांधीजी मात्र एकदम शार्प. कॅमेऱ्याचा दोष नव्हता. त्याने ओळखीचा चेहरा पकडला.

चेहरा नाही तर निदान आवाज तरी, म्हणून व्हिडिओच्या जुन्या कॅसेटी काढल्या. बऱ्याच जणींना बुरशी लागली होती. ज्या चालल्या, त्यांत आप्पा दुरून दिसत होते, ओठ हलत होते आणि आवाज येत होता कुमार सानूचा. तेव्हा लग्नाच्या कॅसेटीचं मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायची पद्धत होती. वरातीचा गोंगाट कुणाला हवा असतो? मिक्सिंगवाल्याला तसं बजावून सांगणारा कोण होता, हे मी बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती फक्त माझ्याकडे बघत कॅसेटींवरची धूळ पुसत राहिली.

शेवटी मी फोटोशॉपला शरण गेलो. कान घोड्याच्या मानेखालचा, झालर काढून कपाळ आधार कार्डाचं, हनुवटी नोटेच्या खालची, डोळे ट्रम्पेटमधले, सरळ करून. केसांचा प्रश्न आला. टोपीमुळे ते कुठेच नव्हते, म्हणून नमुन्याला समोर मार्लेचा एक फोटो ठेवला आणि त्याबरहुकूम रंगवत बसलो. पहाटे काम झालं. बायकोला उठवून दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "यांना कशाने आलं होतं?"

तरी मी त्या कामाचं फोल्डर धुळ्याच्या फ्लेक्सवाल्याला पाठवून दिलं. फाइलचं नाव 'मार्ले फायनल'. शेजारी दुसरी फाइल होती, तिचं नाव 'मार्ले'. ती तिथून काढायला हवी होती, एवढी बारीकशी गोष्ट राहून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळची एसटी धरली. पाळधी, एरंडोल, पारोळा असं करत धुळ्यात उतरलो, रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी आलो आणि जागीच थबकलो. दोन खांबांच्या मधे, झेंडूच्या माळांत, ढगाळ आकाशाखाली बॉब मार्ले होता. ओठांपाशी बोट, बोटात अंगठी, नजर किंचित वर, आपल्याच विचारात. 1984 साली आलेल्या 'लेजंड' या संग्रहाचं मुखपृष्ठ. रेगेचा इतका खपलेला दुसरा अल्बम जगात नाही. फोटो एड्रियन बूट या ब्रिटिश फोटोग्राफरचा. वर अक्षरं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली, 'शोकाकुल : समस्त परिवार, मित्रमंडळ व बँड पथक'. आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक पण स्पष्ट, 'छाया :' आणि पुढे माझं नाव, जळगाव.

मी रस्ता ओलांडून फ्लेक्सच्या दुकानात पळालो. पोरगा शांत होता. "काका, दोन फोटो होते. एकात माणूस दिसत होता, दुसऱ्यात अपघात. मी माणूस घेतला."

परत आलो तर बॅनरसमोर बायका जमल्या होत्या. मला वाटलं, आता हार माझ्या गळ्यात पडणार आणि तो चपलांचा.

"कितला भारी फोटू शे वं!"

"टोपीखाले इतला केस व्हतात, हाई माहीतच नव्हतं."

"आंगठी कवय लिधी?"

"मुंबईले कार्यक्रम व्हता ना, तवय लिधी व्हई."

अशा तऱ्हेने आप्पांचा मुंबईचा एक कार्यक्रमही झाला. बँडची पोरं रांगेने आली, फुलं वाहिली, वाकून नमस्कार केला. ज्या ट्रम्पेटवाल्याने आप्पांच्या संगतीत अर्धं आयुष्य काढलं, तोही डोळे पुसत म्हणाला, "एकदम जिवंत उतरलाय." त्याची तरी काय चूक! वरातीत तो आयुष्यभर आप्पांच्या पुढे चालला होता. त्याने त्यांचा आवाज पाठीवर झेलला होता, तोंड पाहिलंच कुठे होतं?

एवढ्यात मोटारसायकलवरून दोन कॉलेजकुमार आले. बॅनर पाहून त्यांनी करकचून ब्रेक मारला. एकाच्या अंगात तोच माणूस, एक्सएल. त्याने एकदा छातीकडे पाहिलं, एकदा वर.

"काका, हा आपल्या धुळ्याचा होता?"

"देवपूरचा," बाजूच्या म्हाताऱ्याने माझ्याआधी सांगून टाकलं.

"आणि इतके दिवस कुणी बोललं नाही!" पोरगं हळहळलं. मग त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. "हा फोटो तुम्ही काढलाय?"

मी मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, ते मला नक्की आठवत नाही. पण त्यांनी माझ्याबरोबर सेल्फी घेतला, त्याअर्थी उभीच हलली असावी.

शेवटी मी धीर करून आप्पांच्या घरच्यांना भेटलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चाचरत म्हणालो, वहिनी, बॅनरवरचा फोटो... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"हाऊ त्या नहीत, माले दिखस ना भाऊ. जलमभर दुसरास्ना गाना गायात त्यास्नी. आते दुसराना फोटू लागना, ते काय बिघडनं?"

आणि पंगतीत माझ्यासाठी पान मांडायला सांगितलं.

त्यानंतर मी लग्नघरी पोचलो की आधी बँडच्या गाडीकडे जातो. गायकाला टोपी काढायला लावतो, तोंड उजेडाकडे करायला लावतो, नोट ओवाळणाऱ्या काकांना दोन पावलं मागे सरकवतो आणि मगच नवरदेवाकडे वळतो. मोबाइलवर त्याचं एक गाणंही रेकॉर्ड करतो, कुमार सानूविना. परवा भडगावकडच्या एका वरपित्याने करिझ्मा अल्बम चाळता चाळता चष्मा काढला.

"माझ्या मुलापेक्षा यात हा बँडवालाच जास्त आहे."

"तो जास्त वेळ उभा होता," मी म्हणालो.

त्यांनी बँडवाल्याची पानं मोजली, तेवढे पैसे बिलातून कापले आणि अल्बम बगलेत मारून निघाले. दारातून परत फिरले.

"याचा नंबर आहे का? गातो चांगला. धाकट्याच्या लग्नात यालाच बोलवू म्हणतो."

मी नंबर दिला. धाकट्याच्या लग्नासाठी फोटोग्राफर मात्र ते दुसरा बघत आहेत.